पडद्यावरील आईची निवृत्ती

शाळेतील गुरुजी अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांचे झाले की निवृत्त होतात. त्या दिवशी सभागृहात सभा भरते, शाल व श्रीफळ अर्पण केले जाते, जुने विद्यार्थी दोन शब्द बोलतात आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढे सही पडत नाही. पोस्टमास्तर, तलाठी, रेल्वेतील गार्ड या सर्वांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच घडते. चित्रपटात काम करणाऱ्या नटनटींच्या निवृत्तीची रीत मात्र निराळी आहे. तिला ठरलेली तारीख नसते. निर्मात्यांची बोलावणी एका वर्षी थोडी कमी येतात, पुढील वर्षी आणखी कमी येतात, आणि कधीतरी त्या नटीच्या लक्षात येते की आपण थांबलो आहोत. प्रेक्षकाच्या ते ध्यानातही येत नाही. दूरदर्शनवर एखाद्या दुपारी जुना चित्रपट लागतो आणि तीच नटी, त्याच वयाची, त्याच पदराने डोळे टिपताना आपल्याला दिसते.

आम्ही येथे ज्यांच्याविषयी लिहिणार आहोत त्या सुलोचनादीदी लाटकर यांच्या वाट्याला अशी निवृत्ती एकदा नव्हे, दोनदा आली. पहिली निवृत्ती त्यांना वयाच्या तिशीतच घ्यावी लागली. दुसरी पुष्कळ वर्षांनी, हळूहळू आणि कोणताही गाजावाजा न होता आली. या दोन निवृत्तींच्या मधल्या काळात त्यांनी जे काम केले, त्यामुळे त्या महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेर घरोघरी 'आई' म्हणून ओळखल्या गेल्या. पहिली निवृत्ती आली नसती तर ते काम झाले असते किंवा नाही, हा प्रश्न आम्हाला विचार करण्याजोगा वाटतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे, कारण चित्रपटसृष्टीत सुलोचना या नावाच्या एकाहून अधिक स्त्रिया प्रसिद्धीस आल्या. मूकपटांच्या काळात 'सुलोचना' या नावाने गाजलेल्या नटीचे खरे नाव रूबी मायर्स असे होते. लावणीगायनाने ज्यांनी महाराष्ट्राला वेड लावले त्या सुलोचना चव्हाण. आणि आमच्या लेखाचा विषय असलेल्या सुलोचना लाटकर, ज्यांना सारे लोक दीदी म्हणत. आमच्या एका वर्गात या तिघींची नावे एकमेकींत मिसळून गेल्याचे आम्ही प्रत्यक्ष ऐकले आहे, म्हणून हा खुलासा.

दीदी आमच्या सीमाभागातल्या. ३० जुलै १९२८ रोजी चिकोडी व निपाणी यांच्या परिसरातील खडकलाट या गावी त्यांचा जन्म झाला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. उत्तरेस लागूनच छत्रपतींचे कोल्हापूर संस्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नकाशावरील रेषा अशा बदलत राहिल्या, तरी तंबाखूच्या शेतांमधून जाणारी निपाणीची वाट कोल्हापूरकडे जातच राहिली. निपाणीपासून कोल्हापूर हे अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरांचे. बाजार असो, औषधोपचार असो की नाटक-सिनेमा असो, या भागातील माणसांची पावले कोल्हापूरकडे वळत आली आहेत. खडकलाटच्या मुलीचीही तिकडेच वळली.

आणि त्या काळचे कोल्हापूर म्हणजे काय होते! बाबूराव पेंटर यांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली तीही कोल्हापुरात. पुढे १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. प्रभात गेली तरी शहरातील चित्रपटाचा व्यवसाय थांबला नाही. सुतार, रंगारी, शिंपी, तलवारी व मुकुट तयार करणारे कारागीर, घोडे शिकविणारे मोतद्दार असे सारे लोक शहरात होतेच, आणि त्यांना काम देणाऱ्या नव्या संस्था निघत गेल्या. मास्टर विनायक यांची प्रफुल्ल पिक्चर्स ही त्यांपैकी एक. १९४३ च्या सुमारास दीदींचा चित्रपटाशी पहिला संबंध आला तो येथे. वडिलांच्या निधनानंतर घरची जबाबदारी अंगावर आलेल्या लता मंगेशकर याही त्या दिवसांत याच संस्थेत छोटी छोटी कामे करीत होत्या. लताबाई दीदींहून एका वर्षाने लहान. पुढे एकीचा आवाज व दुसरीचा चेहरा साऱ्या देशाच्या ओळखीचा झाला, हे तेव्हा त्या दोघींना कोणी सांगितले असते तर त्या हसल्या असत्या.

परंतु दीदींची खरी शाळा म्हणजे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. आम्ही 'शाळा' हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. भालजींच्या चित्रपटांत इतिहास असे, ग्रामजीवन असे. तेथे नटीला केवळ देखणा चेहरा घेऊन भागत नसे. घोड्यावर बसता आले पाहिजे, नऊवारी नेसून धावता आले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे शब्द स्वच्छ उच्चारता आला पाहिजे. आम्हा सीमाभागातील लोकांच्या मराठीला कानडीचा एक हेल असतो. तो आमच्या कानांना गोड लागतो; ध्वनिमुद्रण यंत्रापुढे उभे राहून जिजाऊंचे बोल बोलावयाचे म्हटले की मात्र तो हेल आवरावा लागतो. दीदींचे मराठी ऐकणाऱ्याला पुढे असे वाटे की ही बाई कोणत्या गावची हे ओळखता येणार नाही. ती सगळ्यांच्याच गावची असावी. ग्रामीण भूमिकेत त्या बोलीचा गोडवा राखीत आणि ऐतिहासिक भूमिकेत भारदस्तपणा आणीत. हे शिक्षण त्यांनी भालजींच्या हाताखाली घेतले. भालजींना त्या गुरू मानीत.

याच स्टुडिओवर १९४८ च्या आरंभी मोठे संकट कोसळले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर जे जाळपोळीचे प्रकार घडले त्यांत जयप्रभा स्टुडिओ पेटविण्यात आला. विद्यार्थ्यांना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी चित्रपटाची फीत नायट्रेटयुक्त असे व ती कापसासारखी भुरकन पेट घेई. एकदा पेटली म्हणजे पाणी ओतूनही ती सहजी विझत नसे, कारण जळताना ती स्वतःच प्राणवायू सोडते. त्यामुळे चित्रसंस्थेला आग लागणे याचा अर्थ इमारत जळणे एवढाच नव्हता. वर्ष-वर्ष खपून केलेले काम काही मिनिटांत राख होऊन जाई. दीदींची भूमिका असलेला 'मीठभाकर' असाच या आगीत गेला. भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला आणि १९४९ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्याच नटीने तेच प्रसंग, तीच वाक्ये पुन्हा उभी करावयाची, आणि पहिल्या वेळी केलेले उत्तम काम कोणालाच कधी दिसणार नाही हे मनात ठेवून करावयाची, ही परीक्षा साधी नव्हे.

नायिका म्हणून त्यांच्या वाट्याला आलेल्या भूमिकांत 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) या चित्रपटाचे स्थान वेगळे आहे. य. गो. जोशी यांच्या कथेवरील हा चित्रपट शांताराम आठवले यांनी दिग्दर्शित केला. यातील वहिनी ही पुढे येणाऱ्या आईची पूर्वसूचना होय, असे आम्हाला वाटते. वयाने तरुण, नात्याने वडीलधारी, आणि घरातील सर्वांचा भार उचलणारी अशी ती आहे. मराठी कुटुंबात वहिनी हे नाते आईच्या व बहिणीच्या मधले आहे. दीदींनी ते नेमके मधोमध उभे केले. प्रेक्षकांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्यांना नायिका म्हणून जितके पाहिले त्याहून अधिक घरातले माणूस म्हणून पाहिले. हे प्रेम मोठे खरे होते; मात्र या प्रेमानेच त्यांचे वय पडद्यावर लवकर वाढविले.

आता त्या पहिल्या निवृत्तीकडे येऊ. १९५९ साल. दीदींचे वय तीस-एकतीस. हिंदीत त्यांनी आधीही कामे केली होती, परंतु या वर्षी दोन चित्रपट असे आले की त्यांची दिशाच ठरून गेली. एक बिमल रॉय यांचा 'सुजाता', दुसरा 'दिल देके देखो'. दोहोंतही त्या आई होत्या. 'सुजाता'मध्ये त्यांच्या दोन मुलींचे काम करणाऱ्या नटी नूतन आणि शशिकला. नूतन दीदींहून आठ वर्षांनी लहान, आणि शशिकला तर अवघ्या चारच वर्षांनी. 'दिल देके देखो'मधील त्यांचा मुलगा शम्मी कपूर यांचा जन्म १९३१ चा, म्हणजे आईत व मुलात तीन वर्षांचे अंतर!

असे का होत असे? याचे एक कारण व्यवसायात आहे. हिंदी चित्रपटाचा आर्थिक डोलारा नायकाच्या नावावर उभा असे. वितरक चित्रपट विकत घेई तो नायक पाहून. नायक पंचेचाळिशीचा झाला तरी त्याने महाविद्यालयात जाणारा तरुण व्हावे, यात कोणाला वावगे वाटत नसे. नायिका मात्र दर काही वर्षांनी बदलावी लागे, कारण ती कथेत बहुधा केवळ सौंदर्याची प्रतिनिधी म्हणून येई. त्यात क्लोज-अप नावाचा प्रकार आहे. रंगभूमीवर पन्नाशीचा नट विशीतला दिसू शकतो, कारण पहिल्या रांगेतील प्रेक्षकही त्याच्यापासून काही हात दूर असतो. चित्रपटात तोच चेहरा वीस फुटांच्या पडद्यावर पसरतो आणि डोळ्यांखालील एक बारीक सुरकुतीही गावाला दिसते. यंत्र नायकाची सुरकुतीही तितकीच मोठी करून दाखविते. पण ती पाहावयाची नाही असा जणू प्रेक्षक व निर्माते यांच्यात अलिखित करार होता. तो करार नटीच्या बाबतीत लागू नव्हता. आमच्या मते हा अन्याय होता, आणि तो पूर्णपणे संपला आहे असे आजही म्हणवत नाही.

या वाटेने जाणाऱ्या दीदी एकट्या नव्हत्या, आणि एक गोष्ट पाहून आम्हाला नेहमी नवल वाटते. हिंदी पडद्यावरील गाजलेल्या 'आयां'पैकी कितीतरी जणी मराठी आहेत. दुर्गा खोटे यांनी १९३२ मध्ये कोल्हापुरात तयार झालेल्या 'अयोध्येचा राजा'त तारामती केली व १९६० मध्ये 'मुघल-ए-आझम'मध्ये सलीमची आई जोधाबाई केली. लीला चिटणीस यांचा जन्म धारवाडचा, म्हणजे त्याही आमच्या याच बाजूच्या. 'कंगन', 'बंधन', 'झूला' या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत त्या अशोककुमार यांच्या नायिका होत्या आणि १९४८ च्या 'शहीद'मध्ये दिलीपकुमार यांच्या आई झाल्या. ललिता पवार यांची कहाणी तर चटका लावणारी आहे. १९४२ मध्ये चित्रीकरण चालू असता सहनटाच्या हातून बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला, एक डोळा कायमचा अधू झाला, आणि नायिकेच्या भूमिकांचे दार बंद झाले. त्यांनी त्या अधू डोळ्यालाच आपले हत्यार बनविले व पडद्यावरील कजाग सासू अजरामर केली. 'सुजाता'त त्या आत्याबाई आहेत. म्हणजे एका बंगाली दिग्दर्शकाच्या, बंगाली घराची कथा सांगणाऱ्या हिंदी चित्रपटात मुख्य चारही स्त्रिया, नूतन, शशिकला, ललिता पवार व सुलोचना, मराठी आहेत!

'सुजाता'तील चारू ही भूमिका थोडी खोलात जाऊन पाहण्याजोगी आहे. चारू ही सुखवस्तू ब्राह्मण कुटुंबातील गृहिणी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एक पोरकी तान्ही मुलगी तिच्या घरात येते आणि तेथेच वाढते. चारू वाईट बाई नाही. ती मुलीला खाऊपिऊ घालते, तिची काळजी घेते, तिच्यावर मायाही करते. परंतु परक्यांसमोर ओळख करून देताना 'माझी मुलगी' असे शब्द तिच्या तोंडून निघत नाहीत. 'मुलीसारखी' असे निघतात. त्या एका प्रत्ययात साऱ्या जातिभेदाचे विष आहे. ही भूमिका कठीण का, तर चारूचा राग यावा असे दिग्दर्शकाला वाटते, पण तिचा तिरस्कार वाटता कामा नये. दीदींनी हे साधले ते आवाज चढवून नव्हे. मुलगी जवळ येते तेव्हा त्यांचा हात पुढे होतो आणि मध्येच थबकतो. डोळ्यांत माया असते आणि मानेत ताठरपणा. माणूस चांगला असूनही त्याच्याकडून अन्याय कसा घडतो, हे आम्हाला वर्गातील नागरिकशास्त्राच्या धड्याहून या बाईंच्या थबकलेल्या हाताने अधिक स्पष्टपणे शिकविले आहे.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यापाशी येतो. हिंदी चित्रपटात आई झाल्यावर नटी कथेच्या कडेला जाई. 'सुजाता' हा अपवाद. एरवी मुलाला आशीर्वाद देणे, देवापुढे दिवा लावणे, आजारी पडणे आणि शेवटच्या प्रसंगी मुलाला मिठी मारणे यापलीकडे तिला फारसे काही नसे. मराठीत मात्र त्याच सुमारास उलटे घडले. मराठी चित्रपट गरीब होता. त्याच्याजवळ परदेशातील दृश्ये नव्हती, भपकेबाज सजावट नव्हती. त्याच्याजवळ घर होते, आणि घराच्या मध्यभागी आई होती. त्यामुळे जी नटी हिंदीत नायिकापदावरून निवृत्त झाली, तीच मराठीत आई म्हणून नायिका झाली. १९६१ चा 'प्रपंच' पाहा. कुंभाराचा संसार, पाठोपाठ झालेली मुले, डोक्यावर कर्ज. शाहीर अमर शेख यांनी कुंभार उभा केला आणि दीदींनी त्याची बायको. ग. दि. माडगूळकर यांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत. या बाईजवळ रडण्यासही फुरसत नाही. भूक लागलेल्या पोरांपुढे भाकरीचे किती तुकडे करावयाचे याचा हिशोब तिच्या चेहऱ्यावर चाललेला असतो, आणि तो हिशोब प्रेक्षकही तिच्याबरोबर करू लागतो.

१९६३ मध्ये यशवंत पेठकर दिग्दर्शित 'मोलकरीण' आला. शिकून मोठा झालेला मुलगा आपले गरीब आईबाप दूर सारतो आणि त्याच्याच घरी आई मोलकरीण म्हणून राबते, ही त्याची कथा. मुलाचे काम रमेश देव यांनी केले. त्यांचा जन्म जानेवारी १९२९ चा. म्हणजे आई मुलाहून केवळ सहा महिन्यांनी मोठी! हे गणित ठाऊक असूनही चित्रपट पाहताना ते आठवत नाही. का आठवत नाही, हे समजून घेण्यासाठी आम्ही हा चित्रपट एकदा केवळ त्यांच्या चालण्याकडे लक्ष देऊन पाहिला. केसांना पांढरा रंग लावणे हे रंगभूषाकाराचे काम. तो कोणालाही लावता येतो. पण चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेली बाई उठताना आधी एक हात जमिनीला टेकते, आणि उभी राहिल्यावर पाऊल उचलण्यापूर्वी क्षणभर थांबते. तो क्षण दीदींनी सोडलेला नाही. शिवाय त्या समोरच्याकडे थेट पाहत नाहीत. बोलणाऱ्याच्या हातांकडे पाहतात, जणू त्याला काही हवे आहे का याचा अंदाज घेत आहेत. आपापल्या घरातील आजी आठवून पाहावी. तीही असेच पाहते.

पुढल्याच वर्षी, १९६४ मध्ये, भालजींच्या 'मराठा तितुका मेळवावा'त त्या जिजाबाई झाल्या. या चित्रपटाचे संगीत 'आनंदघन' या टोपणनावाने लता मंगेशकर यांनी दिले होते. प्रफुल्ल पिक्चर्समधील त्या दोन मुली वीस वर्षांनंतर अशा पुन्हा एकत्र आल्या. मोलकरीण व राजमाता या भूमिकांत एका वर्षाचेच अंतर, पण जिजाऊंच्या भूमिकेत तो टेकलेला हात नाही, ती झुकलेली नजर नाही. पाठ ताठ, वाक्य सावकाश, आणि डोळे सरळ समोर. दीदींना केवळ सोशिक आईच करता येई असे जे म्हणतात त्यांनी हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत.

मात्र त्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कथालेखकांनी त्यांना पुन्हा पुन्हा सोशिकच लिहिले. पडद्यावरील या आईला कधी स्वतःसाठी काही हवे असते का? तिला वाचावेसे वाटते, कुठे जावेसे वाटते, कोणाशी भांडावेसे वाटते, असे आपण क्वचितच पाहतो. मुलाने छळावे व तिने क्षमा करावी हे इतक्या वेळा घडले की आईने क्षमा करणे हे तिचे कर्तव्यच आहे, अशी समजूत प्रेक्षकांत दृढ झाली. आमच्या आज्यांनी हे चित्रपट डोळे पुसत पाहिले. त्या पुसलेल्या डोळ्यांत दीदींसाठी किती अश्रू होते आणि स्वतःसाठी किती, हे कोणी मोजलेले नाही. दोष नटीचा नव्हे. दिलेल्या चौकटीत तिने प्राण ओतला.

हिंदीत या काळात त्यांना विसावा नव्हता. त्यांच्या चित्रपटांची एकूण संख्या दोन्ही भाषा मिळून काही शेकड्यांत जाते. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्यांचे दोन पुत्र म्हणजे प्राण आणि देव आनंद. प्राण यांचा जन्म १९२० चा, देव आनंद यांचा १९२३ चा. म्हणजे आईचे वय बेचाळीस, धाकट्या मुलाचे सत्तेचाळीस आणि थोरल्याचे पन्नास! 'कटी पतंग'मध्ये व १९७४ च्या 'मजबूर'मध्येही त्या आहेत. 'मजबूर'मध्ये अमिताभ बच्चन यांची आई. तीन पिढ्यांचे नायक त्यांच्या पाया पडले असे गमतीने म्हणता येईल.

मग दुसरी निवृत्ती आली. ती कोणी जाहीर केली नाही. कथाच बदलू लागल्या. एकत्र कुटुंब मोडले, चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली, आणि पडद्यावरील आई नोकरीस जाऊ लागली, इंग्रजी बोलू लागली, मुलांशी मैत्रिणीसारखी वागू लागली. हे चांगलेच झाले. परंतु डोक्यावरून पदर घेतलेल्या त्या जुन्या आईला नव्या कथांत जागा उरली नाही. दीदींची कामे विरळ होत गेली आणि त्या मुंबईत प्रभादेवी येथील आपल्या घरी निवांतपणे राहू लागल्या. पुरस्कार या काळात आले, जसे ते बहुधा उशिराच येतात. १९९९ मध्ये पद्मश्री, २००४ मध्ये फिल्मफेअरचा जीवनगौरव आणि २००९ चा महाराष्ट्रभूषण. समारंभांतील छायाचित्रांत त्या दिसतात तेव्हा केस खरोखरच पांढरे झालेले असतात. तिशीत रंगभूषाकाराने जे केस पांढरे केले होते ते आता आपोआप तसे झाले होते, आणि चेहरा मात्र, आश्चर्य असे की, तोच होता.

४ जून २०२३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय चौऱ्याण्णव. ४ जून हा नूतन यांचा जन्मदिवस. पडद्यावरील मुलीच्या जन्मदिनी पडद्यावरील आई गेली. शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

ज्या विद्यार्थ्यांनी त्यांचे काम पाहिलेले नाही त्यांनी आरंभ 'सुजाता'पासून करावा. चित्रपट कृष्णधवल आहे व संथ चालतो. पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा आला तरी उठू नये. शेवटाकडे चारू जिन्यावरून पडते. तिला रक्त देण्याची वेळ येते आणि घरातील सर्वांत फक्त सुजाताचेच रक्त तिच्या रक्ताशी जुळते. शुद्धीवर आल्यावर चारूला हे कळते. त्या प्रसंगी घरातील वडीलधारे माणूस जवळ असल्यास त्यांनाही बोलवावे आणि दीदींच्या हाताकडे पाहावे. सबंध चित्रपटभर जो हात पुढे होऊन थबकत होता, तो येथे थबकत नाही.